कांद्याच्या भावातली शिखरं आणि दऱ्या: कोड आखूड कसा होतो

प्रश्न थोडक्यात असा आहे. सोलापूर बाजार समितीतल्या कांद्याच्या रोजच्या दराची पायथनमधली एक लिस्ट आहे. भाव कुठे चढून उतरला आणि कुठे उतरून पुन्हा चढला, म्हणजे स्थानिक शिखरं आणि दऱ्या, एवढंच त्यातून काढायचं आहे. लिहिलेला कोड बऱ्यापैकी चालतो, पण पन्नासेक ओळींचा झालाय. पहिल्या घटकासाठी वेगळी अट, शेवटच्यासाठी वेगळी, शिखरासाठी इफ-एल्सची एक रांग आणि दरीसाठी तीच रांग चिन्हं उलटी करून. कुणीतरी म्हणालं, हे एका ओळीत होतं. ती ओळ कोणती, असं विचारलं आहे.

ती ओळ देतो. पण त्याआधी कोड लांब का झाला ते बघू. पायथन कमी येतं म्हणून तो लांबलेला नाही. शिखर कशाला म्हणायचं हे सुरुवातीला एकदाच ठरवलं नाही, त्यामुळे अडचण आली की नवी अट, अशी भर पडत गेली. मी सोलापुरात साखर कारखान्यांतल्या आणि यंत्रमागाच्या शेडमधल्या मोजमाप यंत्रांतून येणाऱ्या आकड्यांवर काम करतो. बॉयलरचा दाब असो, विजेचा भार असो, चढून उतरलं कुठे हा प्रश्न सारखा समोर येतो. माझा अनुभव असा की व्याख्या नीट झाली की कोड आपोआप आखूड होतो. व्याख्या धूसर ठेवून ओळी कमी करत गेलं, तर चुका तेवढ्या वाचायला अवघड होतात.

तुमच्या कोडमध्ये एक चूक आत्ताही आहे. ती आधी काढा, कारण ती एरर देत नाही. लूप शून्यापासून सुरू होतो आणि आत 'मागचा घटक' म्हणून इंडेक्समधून, म्हणजे शून्यापासून मोजलेल्या घटकाच्या क्रमांकातून, एक वजा करून घेतला आहे. पहिल्या फेरीत तो इंडेक्स उणे एक होतो. दुसऱ्या काही भाषांमध्ये इथे प्रोग्राम पडला असता. पायथनमध्ये उणे एक म्हणजे लिस्टमधला शेवटचा घटक, त्यामुळे तुमचा पहिला दिवस मुकाट्याने शेवटच्या दिवसाशी ताडून पाहिला जातो. शेवटच्या बाजूला मात्र इंडेक्स लिस्टबाहेर जातो आणि एरर येते. म्हणून तुम्ही शेवटासाठी अट लिहिलीत. सुरुवातीची अट आहे, पण ती लूपच्या नंतर लागते, तोवर चुकीची नोंद झालेली असते. हंगामाच्या सुरुवातीचा भाव शेवटच्या भावापेक्षा आणि दुसऱ्या दिवसाच्या भावापेक्षाही कमी असला, तर पहिला दिवस दरी म्हणून येतो आणि उत्तर बघणाऱ्याला ते खरंही वाटतं.

आता परिस्थितीवर काय काय अवलंबून आहे ते सांगतो. याचं उत्तर मी तुमच्या वतीने देऊ शकत नाही, ते तुम्हीच ठरवायचं आहे. पहिला आणि शेवटचा दिवस शिखर-दरीत धरायचा का? भाव दोन-तीन दिवस तोच राहिला तर ते एक शिखर की दोन, आणि त्याची तारीख कोणती? दहा-वीस रुपयांची हालचाल मोजायची का? बाजार बंद असलेल्या दिवसांचं काय? यांतला दुसरा प्रश्न सगळ्यात जास्त लोकांना अडवतो आणि कांद्याच्या भावात तर तो हमखास येतो, कारण सर्वसाधारण दर हा साधारण गोल आकड्यांतच बोलला जातो. सलग दिवस तोच आकडा दिसणं यात काहीच नवल नाही.

एक लहान लिस्ट घेऊ. हे आकडे समजण्यासाठी घेतले आहेत, एखाद्या खऱ्या आठवड्याचे नव्हेत. क्विंटलचा भाव, नऊ दिवसांचा:

१४००, १५५०, १५५०, १३००, १२००, १२००, १६००, १७५०, १७००

डोळ्यांनी बघितलं तर उत्तर सरळ आहे. १५५० ला शिखर, १२०० ला दरी, १७५० ला पुन्हा शिखर. हे उत्तर कागदावर लिहून ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक पद्धतीला याच उत्तराने तपासायचं आहे.

आता ती प्रसिद्ध एक ओळ. लिस्ट तीनदा शेजारी शेजारी ठेवायची: एक मूळ, एक पहिला घटक सोडून, एक पहिले दोन सोडून. तिघींना झिप केलं की प्रत्येक फेरीत मागचा, आजचा आणि पुढचा भाव एकत्र हातात येतो. झिप सगळ्यात आखूड लिस्ट संपली की थांबतं, त्यामुळे दोन्ही टोकं आपोआप बाहेर राहतात. उणे एकची भानगड नाही आणि शेवटची एररही नाही. मग लिस्ट कॉम्प्रिहेन्शनमध्ये एकच अट: आजचा भाव मागच्यापेक्षाही जास्त आणि पुढच्यापेक्षाही जास्त असेल तर शिखर. पायथनमध्ये तुलना साखळीने लिहिता येते, त्यामुळे 'मागचा < आजचा > पुढचा' असं जसंच्या तसं चालतं. दिवसाचा इंडेक्स हवा असेल तर एन्युमरेटला, म्हणजे फेऱ्या मोजणाऱ्या फंक्शनला, सुरुवात एकपासून करायला सांगायचं, कारण मधला घटक मूळ लिस्टमध्ये एक घर पुढे असतो. दरीसाठी दोन्ही चिन्हं उलटी. झाली तुमची ओळ.

ही ओळ वरच्या लिस्टवर चालवा. उत्तर येतं: एक शिखर, १७५०. दरी एकही नाही. १५५० चं शिखर गेलं, १२०० ची दरी गेली. कारण १५५० च्या पुढे १५५० च आहे, तो स्वतःपेक्षा मोठा नाही.

इथे बहुतेक जण चिन्हं सैल करतात. 'जास्त' च्या जागी 'जास्त किंवा तेवढाच'. मग दुसरा आणि तिसरा दिवस दोन्ही शिखरं होतात, पाचवा आणि सहावा दोन्ही दऱ्या. एकाचे दोन झाले, एवढ्यावर निभावलं असतं तर ठीक होतं. पण १३००, १४००, १४००, १५०० अशी चढती पायरी घेऊन बघा. भाव फक्त चढतोय, मध्ये एक दिवस थांबलाय. सैल अट त्यातला पहिला १४०० शिखर म्हणून आणि दुसरा १४०० दरी म्हणून दाखवते. तिसरा एक तोडगा सुचवला जातो तो असा की डाव्या बाजूला कडक अट, उजव्या बाजूला सैल. त्याने सपाटीचा एकच दिवस धरला जातो हे खरं, पण चढत्या पायरीवरचा पहिला १४०० तरीही शिखर ठरतो, कारण तो मागच्यापेक्षा जास्त आहे आणि पुढच्याएवढाच आहे. हा तोडगा पुष्कळ ठिकाणी बरोबर उत्तर म्हणून मान्य झालेला दिसेल. पायरी असलेल्या डेटावर तो चुकतो, आणि भावांचा डेटा पायऱ्यांनी भरलेला असतो.

नम्पाय, म्हणजे आकडेमोडीची पायथन लायब्ररी, वापरणारे हेच वेगळ्या वाटेने करतात. लगतची वजाबाकी काढायची, तिचं फक्त चिन्ह घ्यायचं, मग त्या चिन्हांची पुन्हा वजाबाकी. चढ असेल तर अधिक एक, उतार असेल तर उणे एक, म्हणून शिखरावर उणे दोन येतात आणि दरीवर अधिक दोन. वरच्या लिस्टची चिन्हं अशी येतात: +, ०, −, −, ०, +, +, −. त्यांची वजाबाकी: −१, −१, ०, +१, +१, ०, −२. उणे दोन शोधलं तर पुन्हा एकटा आठवा दिवस. 'शून्यापेक्षा कमी' असं शोधलं तर १५५० दोनदा. पद्धत बदलली, रोग तोच राहिला, कारण तीन शेजाऱ्यांच्या खिडकीतून सपाटी दिसतच नाही. सपाटी तीन दिवसांची असेल तर तिच्या मधल्या दिवसाला दोन्ही बाजूंना स्वतःसारखाच भाव दिसतो. आपण माथ्यावर आहोत, तळाशी आहोत की नुसत्या पायरीवर, हे त्याला कळण्याचा मार्गच नाही.

म्हणून मी शेजारी बघत नाही, दिशा लक्षात ठेवतो. घाट चढताना माणूस जसा पायांनी ओळखतो की इतका वेळ चढ होता आणि आता उतार लागला, मध्ये थोडी सपाट वाट गेली तरी आधी चढच होता हे तो विसरत नाही, तसंच. कोडमध्ये हे असं दिसतं (इथे 'टोक' म्हणजे लिस्टचं टोक नव्हे, भाव शेवटचा बदलला तो दिवस):

दिशा = ०
टोक = पहिला दिवस आणि त्याचा भाव
पुढच्या प्रत्येक दिवसासाठी:
— नवी = (आजचा भाव > टोकाचा भाव) − (आजचा भाव < टोकाचा भाव)
— नवी शून्य असेल तर काही न करता पुढच्या दिवसावर जा
— दिशा आणि नवी यांचा गुणाकार ऋण असेल तर टोक नोंदवा. नवी ऋण असेल तर शिखर, धन असेल तर दरी
— दिशा = नवी
— टोक = आजचा दिवस आणि भाव

एवढंच. 'नवी' काढणारी ओळ ओळखीची नसेल तर: पायथनमध्ये खरं म्हणजे एक आणि खोटं म्हणजे शून्य, म्हणून दोन तुलनांची वजाबाकी केली की चढाला अधिक एक, उताराला उणे एक, समानाला शून्य मिळतं. पायथन दोनमध्ये यासाठी सीएमपी नावाचं तयार फंक्शन होतं. पायथन तीनमधून ते काढून टाकलं, तेव्हापासून हीच ओळ त्याच्या जागी लिहितात.

लिस्टवर हाताने चालवून बघू. टोक १४००, दिशा शून्य. दुसऱ्या दिवशी १५५०: नवी अधिक एक. दिशा अजून शून्यच असल्याने गुणाकार शून्य, नोंद नाही. दिशा अधिक एक झाली, टोक १५५०. तिसऱ्या दिवशी पुन्हा १५५०: नवी शून्य, सोडून दिला. चौथ्या दिवशी १३००: नवी उणे एक, दिशा अधिक एक, गुणाकार ऋण. टोक, म्हणजे दुसऱ्या दिवसाचे १५५०, शिखर म्हणून नोंदवले. पाचव्या दिवशी १२००: उतारच चालू आहे, फक्त टोक बदललं. सहाव्याला १२००: सोडला. सातव्याला १६००: दिशा उलटली, पाचव्या दिवसाचे १२०० दरी. आठव्याला १७५०: चढ चालू. नवव्याला १७००: दिशा उलटली, १७५० शिखर. कागदावरचं उत्तर जसंच्या तसं मिळालं. चढत्या पायरीवर चालवलं तर दिशा कधी उलटतच नाही, म्हणून काहीच नोंद होत नाही, आणि तेच बरोबर आहे.

तुमच्या पन्नास ओळींतलं काय काय गळून पडलं बघा. टोकांच्या अटी गेल्या, शिखर आणि दरीच्या दोन वेगळ्या रांगा एक झाल्या, इंडेक्सचं गणित गेलं. एका ओळीत हे बसत नाही, हे मान्य. पण झिपच्या ओळीपेक्षा याच ओळी मी दहा वेळा पसंत करेन, कारण सहा महिन्यांनी उघडून वाचल्या तरी कळतात. शिवाय हा कोड अख्खी लिस्ट हातात असण्याची वाट बघत नाही. रोज संध्याकाळी एक नवा भाव आला तरी चालतो. फक्त दिशा आणि टोक या दोन गोष्टी जपून ठेवायच्या.

सपाटीची तारीख कोणती, हाही निर्णय आता एका ओळीचा झाला. वरचा कोड सपाटीचा पहिला दिवस सांगतो. शेवटचा हवा असेल तर नवी शून्य आल्यावर पुढे जाण्याआधी टोकाचा दिवस तेवढा आजचा करायचा. कोणता घ्यावा हे तुमच्या वापरावर आहे. भाव वरच्या पातळीला कधी पोचला हे हवं असेल तर पहिला. शेतकऱ्याने कोणत्या दिवसापर्यंत माल आणला असता तर चांगला भाव मिळाला असता, असा प्रश्न असेल तर शेवटचा.

ज्यांना लूप नकोच आहे त्यांनी आधी लागोपाठचे सारखे आकडे एकत्र करावेत. पायथनसोबत येणाऱ्या इटरटूल्समधलं ग्रुपबाय हेच करतं. उरलेल्या लिस्टमध्ये दोन शेजारी कधीच समान नसतात, म्हणून तिच्यावर झिपची कडक अट बिनचूक चालते. फक्त मूळ दिवसांचे क्रमांक आकड्यांबरोबर जोडीने न्यायला विसरू नका, नाहीतर उत्तरात भाव बरोबर आणि तारीख चुकीची येते. लगतच्या जोड्या काढायला पायथन ३.१० पासून पेअरवाइजही आहे.

आता लिस्टच्या टोकांबद्दल. नवव्या दिवशी भाव १७०० आहे. ती दरी आहे का? उद्याचा भाव आल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. म्हणून रोज वाढणाऱ्या डेटात मी शेवटचा दिवस कधीच घोषित करत नाही. पण संपलेल्या हंगामाचा आलेख काढायचा असेल आणि टोकं धरायचीच असतील, तर आडवाटेला जाऊ नका. ऋण अनंत लिस्टच्या दोन्ही बाजूंना चिकटवण्याची युक्ती सांगितली जाते. तिने टोकं शिखर होऊ शकतात, पण दरी कधीच होऊ शकत नाहीत. दरीसाठी धन अनंत लावून सगळं पुन्हा चालवावं लागतं. त्याऐवजी सारखे आकडे एकत्र केलेल्या लिस्टच्या चिन्हांच्या रांगेला पुढून पहिल्या चिन्हाचं उलट चिन्ह आणि मागून शेवटच्याचं उलट चिन्ह जोडा. सुरुवात चढाने झाली असेल तर पहिला दिवस दरी ठरतो, उताराने झाली असेल तर शिखर. आपल्या लिस्टमध्ये मग १४०० दरी, १५५० शिखर, १२०० दरी, १७५० शिखर, १७०० दरी असं येतं.

बंद दिवसांचा प्रश्न लहान दिसतो, पण सगळ्यात जास्त नुकसान तोच करतो. रविवार, सण, संक्रांतीच्या सुमाराला सिद्धेश्वर यात्रा. कुणी त्या दिवसांना शून्य भरलं की प्रत्येक सुटी ही शून्य रुपयांची दरी होते आणि सुटीच्या आदला-नंतरचा दिवस शिखर व्हायला टपलेला असतो. नन, म्हणजे पायथनचं 'काहीच नाही', ठेवलं तर पायथन तीन तुलना करताना एररच देतं, आणि ते चांगलं, कारण निदान कळतं तरी. पांडास या तक्त्यांच्या लायब्ररीतून येणारा नॅन, म्हणजे 'आकडा नाही' ही खूण, मात्र फसवा आहे. नॅनपेक्षा मोठा की लहान, ही कोणतीही तुलना खोटी ठरते, त्यामुळे वरच्या कोडमध्ये नवी शून्य येते आणि तो दिवस सोडला जातो. हवं तसंच झालं असं वाटेल. पण लिस्टचा पहिलाच घटक नॅन असला तर टोक कायमचं नॅन राहतं, पुढचा प्रत्येक दिवस सोडला जातो, आणि शेवटी रिकामी लिस्ट हातात येते. नम्पायच्या वजाबाकीत तर एक नॅन दोन्ही बाजूंच्या वजाबाक्या घेऊन जातो. तेव्हा बंद दिवस आधीच गाळा आणि तारीख आकड्याबरोबर ठेवा.

यातच एक सूचना. बाजार समिती किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर देते. शिखरं शोधायला कमाल दर घेण्याचा मोह होतो. घेऊ नका. एखादीच उत्तम प्रतीची वक्कल, म्हणजे मालाचा एक गट, चढ्या भावाने गेली की कमाल उसळतो आणि दुसऱ्या दिवशी खाली येतो, त्यात बाजार चढला असं काहीच नसतं. तुम्ही सर्वसाधारण दर घेतला आहे, तोच ठेवा, आणि त्याच्या शेजारी आवकेचा कॉलमही ठेवा. भावाची दरी आणि आवकेचं शिखर एकाच सुमाराला येतं का, हे पाहणं तुमच्या प्रकल्पात कोडच्या लांबीपेक्षा कितीतरी जास्त मोलाचं ठरेल.

आता लहान हालचाली. १२००, १४००, १३८०, १५००, १४९०, १५२०, १३०० अशी रांग आली तर व्याख्येप्रमाणे तीन शिखरं आणि दोन दऱ्या आहेत. व्यापाऱ्याला विचारा, तो म्हणेल भाव १५२० पर्यंत चढला आणि मग पडला. त्याचं बरोबर आहे. इथे पुष्कळ जण आधी सात दिवसांची सरासरी घेतात आणि तिच्यावर शिखरं शोधतात. मागच्या सात दिवसांची सरासरी साधारण तीन दिवसांनी मागे रेंगाळते, त्यामुळे शिखराची तारीख पुढे सरकते. शिवाय शिखरावर जो भाव दाखवला जातो तो कोणत्याच दिवशी बाजारात नव्हता.

मी उंबरठा वापरतो. चढ चालू असताना आतापर्यंतचा सगळ्यात वरचा भाव उमेदवार म्हणून धरायचा. भाव त्याहून वर गेला तर उमेदवार बदलायचा. खाली आला, पण उंबरठ्यापेक्षा कमी, तर गप्प बसायचं. उमेदवारापासून पूर्ण उंबरठाभर खाली आला की मगच उमेदवार शिखर म्हणून नोंदवायचा, दिशा उलटवायची आणि खालचा उमेदवार धरायला सुरुवात करायची. शंभरचा उंबरठा ठेवून वरची रांग चालवली तर १४०० वरून वीस उतरलं, सोडलं. १५०० वरून दहा, सोडलं. १५२० वरून दोनशे वीस, नोंदवलं. एकच शिखर. सुरुवातीला दिशा माहीत नसते, तेव्हा वरचा आणि खालचा असे दोन्ही उमेदवार धरून ठेवायचे आणि कोणत्या बाजूला उंबरठा आधी ओलांडला जातो ते बघायचं. यासाठी मूळ कोडमध्ये चार-पाच ओळी वाढतात. त्या वाढू द्या.

उंबरठा किती? तो कोड ठरवू शकत नाही. एका दिवसात साधारण किती वर-खाली होतं ते बघा, त्याच्या दुपटी-तिपटीपासून सुरू करा आणि आलेखावर डोळ्यांनी खात्री करा. भाव पाचशे असताना शंभर रुपये म्हणजे मोठी गोष्ट, चार हजार असताना किरकोळ. अनेक वर्षांचा डेटा एकत्र असेल तर उंबरठा टक्क्यांत घ्यावा.

हे सगळं स्वतः लिहायचं नसेल तर सायपाय या शास्त्रीय गणिताच्या लायब्ररीच्या सिग्नल विभागात फाइंड-पीक्स आहे, २०१८ मधल्या १.१ आवृत्तीपासून. सपाट शिखर ते नीट ओळखतं आणि सपाटीचा मधला इंडेक्स देतं, सपाटी सम दिवसांची असली तर डावीकडचा. टोकं धरत नाही. दऱ्या हव्या असतील तर लिस्ट ऋण करून पुन्हा चालवायची. त्यात थ्रेशोल्ड नावाचा पर्याय दिसेल आणि तुम्ही उंबरठा समजून तोच वापराल, म्हणून आधीच सांगतो: तो फक्त लगतच्या दोन शेजाऱ्यांशी असलेला फरक बघतो. तुम्हाला हवा तो पर्याय प्रॉमिनन्स. एखाद्या शिखरावरून त्याहून उंच जागी जाताना मध्ये निदान किती खाली उतरावं लागतं, ते तो मोजतो. त्याच विभागात आर्गरेलएक्स्ट्रीमा नावाचं जुनं फंक्शनही आहे, पण कडक तुलना दिली तर ते सपाट शिखर सोडून देतं.

यंत्रांच्या आकड्यांवर काम करणाऱ्यांसाठी एक गोष्ट, कारण हीच पद्धत उद्या तुम्ही तिथेही वापराल. मीटरवरून येणारे आकडे बऱ्याचदा चिन्हरहित, म्हणजे ऋण होऊच न शकणारे, पूर्णांक असतात. १९० वजा २०० हे आठ बिटांच्या चिन्हरहित प्रकारात उणे दहा होत नाही, २४६ होतं. म्हणजे प्रत्येक उतार हा मोठा चढ दिसतो आणि नम्पाय कुठलीही सूचना देत नाही. फाइंड-पीक्ससाठी लिस्ट ऋण करतानाही आकडे ऋण होत नाहीत, आणि शून्यावरची दरी हरवते. आधी साध्या पूर्णांकात किंवा दशांशात बदलून घ्या. मी वर वजाबाकीऐवजी दोन तुलना घेतल्या आहेत, त्याला हा प्रश्न येतच नाही.

दशांश आले की समानतेचा प्रश्न येतो. उजनी धरणाच्या साठ्याची रोजची टक्केवारी घेऊन हाच कोड चालवा, ती तपासणीला फार चांगली आहे. उजनीत मृतसाठाच जवळपास ६३ टीएमसी आहे आणि टक्केवारी त्याच्या वरच्या उपयुक्त साठ्यावर, म्हणजे साधारण ५३ टीएमसीवर काढतात. म्हणून पाणी मृतसाठ्यात गेलं की आकडा उणे होतो. २०२४ च्या उन्हाळ्यात तो उणे ५० च्याही खाली गेला आणि त्याच पावसाळ्यात शंभरीला पोचला. ज्या कोडमध्ये 'आतापर्यंतचा कमाल' शून्यापासून सुरू केलेला असतो, तो उणे भागातली सगळी शिखरं गिळतो. ज्यात 'मागचा भाव आहे का' हे नुसतं 'जर मागचा' असं लिहून तपासलेलं असतं, तो बरोबर शून्य टक्के आला त्या दिवशी अडखळतो, कारण पायथनला शून्य म्हणजे खोटं. टक्केवारी तुम्हीच साठ्यावरून काढत असाल तर आधी ती दोन दशांशांपर्यंत आणा. नाहीतर दोन दिवस साठा जवळपास तोच असूनही भागाकाराच्या शेपटीत कुठेतरी फरक पडतो आणि सपाटीवर खोटी शिखरं उगवतात.

कोड बरोबर आहे हे कसं ओळखायचं? उदाहरणं तपासाच, पण तीन नियम यादृच्छिक लिस्टवरही तपासता येतात. पहिला, शिखरं आणि दऱ्या नेहमी आलटूनपालटून आल्या पाहिजेत. दोन शिखरं लागोपाठ आली म्हणजे मधली दरी हरवली. दुसरा, लिस्टमधला प्रत्येक आकडा ऋण केला की शिखरांच्या जागी दऱ्या आणि दऱ्यांच्या जागी शिखरं, त्याच दिवसांवर. तिसरा, लिस्ट उलटी केली की तीच शिखरं उलट्या क्रमाने. इथे सपाटीची तारीख पहिल्याऐवजी शेवटच्या दिवसावर जाईल, म्हणून फक्त भाव ताडून बघा. लिस्ट मुद्दाम एक ते चार अशा लहान आकड्यांची घ्या, म्हणजे सारखे आकडे भरपूर येतील. झिपची सैल अटवाली ओळ पहिल्याच नियमावर पडते. रिकामी लिस्ट, एका घटकाची लिस्ट आणि सगळे आकडे सारखे असलेली लिस्ट याही चालवा. तिन्हींचं उत्तर रिकामं यायला हवं. रिकाम्या लिस्टला पहिला घटकच नसतो, त्यामुळे टोक ठरवणाऱ्या ओळीच्या आधी तेवढी एक अट तुम्हाला ठेवावीच लागेल.

तुमच्या प्रकल्पासाठी म्हणाल तर: बंद दिवस गाळलेली, तारीख आणि सर्वसाधारण दर यांच्या जोड्यांची लिस्ट, दिशा लक्षात ठेवणारा लूप, आणि त्यावर टक्क्यांतला उंबरठा. आधी उंबरठा शून्य ठेवून वरच्या नऊ आकड्यांवर चालवा. दुसरा दिवस शिखर, पाचवा दरी, आठवा शिखर असं आलं की मग हंगामाचा डेटा घाला.